शेवंताच्या माहेरची भिंत

पणदऱ्याहून सकाळच्या गाडीनं बारामतीला आलो आणि स्टँडवर इंदापूरची एसटी धरली. शेवंता, म्हणजे माझी बायको, दिवाळीआधी वारली. तिच्या माहेरच्या शाळेत कर्तबगार बायकांची चित्रं भिंतीवर काढलीत आणि शेवटचं चित्र तिचं आहे. पडदा सारायला मी यावं, दोन शब्द बोलावेत, असा मोठ्या बाईंचा (मुख्याध्यापिकांचा) फोन आला होता. मी चौथी नापास माणूस. काय बोलायचं ते काही ठरेना. त्या गावाला तिच्यासोबत उभ्या जन्मात दोनदा गेलो असेन. तिच्याशिवाय हे पहिल्यांदाच.

गाडीला कंडक्टर बाई होती.

"तात्या, कुठं?"

"निमगाव केतकीच्या अलीकडं. सासुरवाडीला."

"आन् आज्जीला घरी ठिवून? लई हुशार हाय गडी!"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. खरं सांगून तिचं तोंड कशाला पाडायचं?

लासुर्ण्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. जंक्शन नावाचं गाव सोडल्यावर मोकळं रान, मग डाळिंबाच्या बागा दिसायला लागल्या. तेवढं पाहिलं आणि डोळा लागला. जाग आली ती इंदापूरच्या स्टँडवर. कंडक्टर बाई म्हणाली, "हाका मारल्या की तुमाला! मेल्यावानी झोपला."

आलोच आहे तर खाऊन घ्यावं म्हणून एका खानावळीत चिलापी (उजनीच्या पाण्यातला मासा) आणि भाकरी मागवली. मासा ताजा होता. पण काटे काढता काढता भाकरी गार झाली. एवढी वर्षं काटे ती काढून द्यायची आणि मी ताटावर नुसता बसायचो. अर्धा मासा तसाच ठेवून उठलो आणि जीप धरून मागं आलो.

शाळेच्या फाटकाशी रखमा उभी होती. ही शेवंताची चुलत बहीण. शेवंतानं गुटी बांधायला शिकवलेली पहिली बाई. गुटी म्हणजे डाळिंबाच्या फांदीची साल बांगडीएवढी काढायची, तिथं ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिकचा कागद बांधायचा. मुळ्या फुटल्या की कापून नवं रोप. शेवंता हे बारामतीकडं एका रोपवाटिकेत रोजानं जाताना शिकली आणि दर पावसाळ्यात माहेरी येऊन इथल्या बायकांना शिकवत राहिली. आज रखमाची स्वतःची रोपवाटिका आहे.

"या दाजी. वाट चुकला व्हय? सवय न्हाय ना हिकडं यायची," ती म्हणाली.

मी तिच्या मागं आत गेलो. 

भिंत लांबलचक होती. पहिली घोड्यावरची तलवारवाली राणी. मग नदीला घाट बांधणारी विधवा राणी. मग अंगावर शेण झेलत पोरींना शिकवणारी मास्तरीण. तिच्याखाली लिहिलं होतं, नवऱ्यानं तिला घरी शिकवलं. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पुढं साता समुद्रापार जाऊन डॉक्टर झालेली पोर. तिलाही नवऱ्यानंच पुढं घातलेलं.

मग मी पडदा सारला. शेवंता हिरव्या लुगड्यात, हातात डाळिंबाची फांदी. नाक थोडं चुकलंय, पण डोळे तिचेच. खाली ओळ होती: 'पतीच्या भक्कम पाठिंब्यामुळे त्यांनी हे कार्य केले.'

पोरींनी टाळ्या वाजवल्या. रखमा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भक्कमच की दाजी. हिरीत चाकू टाकून दिलाव त्यो पाठिंबा."

खरं होतं. दर पावसाळ्यात बायको माहेरी जाते म्हणून लोक मला चिडवायचे. एका पावसाळ्यात मी तिचा कलमाचा चाकू विहिरीत टाकला आणि दाराला बाहेरून कडी लावून रानात गेलो. संध्याकाळी आलो तर शेजारणीनं कडी काढलेली आणि चाकूच्या जागी माझ्या दाढीचं पातं घेऊन बाई माहेरी. आठ दिवसांनी परत आली आणि चूल पेटवली. तो विषय तिनं पुन्हा कधीच काढला नाही. मीही काढला नाही.

मोठ्या बाईंनी माईक दिला. म्हणालो, "ह्ये खालचं खोटं हाय. पुसा."

"तात्या, सगळीकडं असंच लिहितात. मान असतो घरच्यांचा."

"त्या मास्तरणीच्या मालकाचा मान त्येला ऱ्हाऊ द्या, त्यानं कमावला. मी अडवली हिला. कडी लावली. तरी आली ती हितं."



"पण ओळ पुसलेली भिंतीवर बरी दिसेल का?" बाई हळूच म्हणाल्या.

"न्हायतर तिचं चितर बी पुसा. खोट्यात उभी करू नका तिला."

रखमानं कडेला उभ्या पेंटरच्या हातातलं रॉकेलचं फडकं घेतलं आणि स्वतः ती ओळ पुसली. पेंटरनं नवी लिहिली: 'नवऱ्याने अडवले, तरी आली.' एका पोरीनं ती मोठ्यानं वाचली.  मी निघताना रखमानं एक डाळिंब तेवढं हातात दिलं.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली. उन्हं उतरली होती. वाटलं, आता शेवंताला सांगावं. तिनं कपाळाला हात लावला असता. म्हणाली असती, चारचौघांत घरचं बोलायची काय गरज हुती? मी म्हणालो असतो, मग घरात तरी कधी बोललीस तू? आणि मग आम्ही दोघं खऱ्यानं भांडलो असतो.

ते भांडण तिच्या हयातीत व्हायला पाहिजे होतं. पणदरे आलं तेव्हा दिवे लागले होते. उतरलो आणि चालायला लागलो. घाई कशाचीच नव्हती.