शेवटच्या मागाची ओळ

मिलमधली कापसाची धूळ कितीही झाडली तरी पुन्हा येऊन बसते. आमच्या मशीनरूमच्या किश्शांचंही तसंच आहे. एक सांगून संपवावा तर दुसरा आठवतो, आणि समोरचा चहाचा कप खाली ठेवून उठायला लागला तरी मला थांबवत नाही. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कापड मिलमध्ये मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. तेव्हा हा हुद्दा सांगितला की लोक बसायला खुर्ची द्यायचे.

*

मशीनरूम ही अख्ख्या मिलमधली एकमेव थंड खोली. आत येताना चपला काढायचा नियम होता, तो धुळीसाठी. लोकांनी मात्र त्याचा वेगळाच अर्थ घेतला. एकदा मंद्रूपकडचा एक जॉबर, म्हणजे शेडमधला मुकादम, निरोप घेऊन आला. टोपी काढून दारातच उभा राहिला आणि मशीनकडे बघत त्यानं हळूच मला विचारलं, "ह्यो जागा हाय का झोपलाय?"

"जागा आहे की," मी म्हणालो.

"मग मागनं येतो," म्हणून तो निघून गेला.

मी हसलो खरा. पण सकाळी बटण दाबून सगळे दिवे एकदम लागले की माझेही हात नकळत जोडले जायचे.

*

मशीनला माहिती द्यायची ती भोकं पाडलेल्या कार्डांवरून. भोकं पाडायचं काम कुमुदचं. प्रत्येक मागाची चार कार्डं: एक विणकराच्या नावाचं, एक खाड्यांचं, एक माग किती वेळ बंद होता त्याचं, आणि एक विणलेल्या कापडाचं. कुमुद हे करताना करमाळ्याच्या जावेची सगळी कहाणी सांगायची, आणि एक भोक चुकायचं नाही.

"तुला जमतं कसं?" मी एकदा विचारलं.

"बोटांना माझं बोलणं ऐकू येत नाही ना," ती म्हणाली.

*

मशीन एका कार्डाची एक ओळ छापायचं. म्हणजे एका मागाच्या चार ओळी. विणकाम खात्याचे गड्डम मास्तर तो कागद उलगडत निघाले की जिन्यापर्यंत पोचायचे, आणि तिथं कुणाचे खाडे कुणाच्या नावाखाली आले याचा घोळ व्हायचा. शेवटी ते आमच्यावर चिडले. "मला माग बघायचाय, पोथी वाचायची न्हाय. एका मागाला एक ओळ द्या."

आमचे प्रोग्रामर पाटणकर मान खाली घालून कामाला लागले. त्यांनी मशीनला शिकवलं ते असं: कार्डं वाचत जायची, मनात धरून ठेवायची, आणि पुढच्या मागाचं पहिलं कार्ड दिसलं की आधीच्या मागाचं सगळं एका ओळीत छापायचं.

पहिल्यांदा ती यादी बाहेर आली तेव्हा आम्ही तिघं आणि गड्डम मास्तर प्रिंटरभोवती नुसते उभे होतो. जे चार ठिकाणी विखुरलेलं होतं ते सरळ एका रेषेत येत होतं. गड्डम मास्तरांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि ते म्हणाले, "सगळा माग एका बोटाखाली आला की."

*

नेमकं त्याच महिन्यात बदली म्हणून रोजावर असलेल्या विणकरांना कायम करायचं ठरलं. मॅनेजर साहेब बाहेरगावचे, नवेच आलेले, आणि मशीनवर त्यांची अपार श्रद्धा. हुकूम निघाला: नव्या यादीत नाव असेल तोच कायम, आणि यादीवर हातानं एक अक्षर लिहायचं नाही.

यादीत नरसय्या नव्हता. शेडच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या मागावर तो कित्येक वर्षं बदलीच होता. घरात खाणारी तोंडं भरपूर, आणि खाडा एकही नाही. गड्डम मास्तर त्याला घेऊनच ऑफिसात गेले.

"यादीत नाही म्हणजे मागावर नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, हितं उभा हाय की तो."

साहेबांनी नरसय्याकडे बघितलं, मग यादीकडे बघितलं. "मशीन चुकत नाही," ते म्हणाले. "उद्या सही होऊन यादी वर जाईल."

नरसय्यानं खाली येऊन माग पुन्हा चालू केला. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

*

पाटणकरांनी सगळी कार्डं टेबलावर मांडली. नरसय्याची चारही होती. शेवटच्या कार्डावर बोट ठेवून ते म्हणाले, "पुढचा माग आला की आधीचा छापला जातो. याच्या पुढं कोणी नाहीच. मशीन त्याला मनात धरून वाट बघत बसलंय."

प्रोग्राम पाटणकरांनी लिहिला तरी तो मशीनच्या भाषेत तयार होऊन यायचा मुंबईहून; बदलायचा तर कागद तिकडे पाठवायचे, आणि यादी उद्याच जाणार.

"मग याच्या पुढं आणखी कुणाची तरी कार्डं घाला," कुमुद म्हणाली.

"कुणाची? पुढं मागच नाही."

"मार्कंडेयाची घाला. सगळ्या विणकरांचा देव आहे. तो राहील मशीनच्या मनात."

तिनं चार कार्डं केली. नाव: मार्कंडेय. खाडा नाही, बंद नाही, कापड नाही. यादी निघाली तेव्हा सगळ्यात खाली नरसय्याची ओळ होती. देव आतच राहिला. मी त्या मशीनला मनापासून नमस्कार केला.

नरसय्या कायम झाला. पुढं दर यादीला कुमुद ती चार कार्डं शेवटी ठेवायचीच.

*

काही महिन्यांनी मुंबईहून दुरुस्त प्रोग्राम आला. आता मशीन शेवटची ओळही छापणार होतं. आम्ही तो चढवला, आणि कुमुदनं सवयीप्रमाणं देवाची कार्डं ठेवली. यादी थेट साहेबांच्या टेबलावर गेली.

साहेबांनी शेवटची ओळ वाचली आणि मेमो टाइप करून घेतला: मार्कंडेय, विणकर, आपला एकही खाडा नाही, माग एकदाही बंद नाही, तरी कापड का नाही, याचा खुलासा करावा.

गड्डम मास्तरांनी टोपी काढून दोन्ही हातांनी तो मेमो घेतला. शेडमध्ये गेले, आणि त्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

सोमवारी साहेब ऑफिसात आले तेव्हा मेमो टेबलावर परत आला होता. त्यावर एक घडी ठेवलेली होती, लाल काठाचं पांढरंशुभ्र कापड. साहेबांनी ते खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, बोटांनी चाचपलं. एक धागा इकडचा तिकडे नव्हता.

त्यांनी गड्डम मास्तरांना बोलावून विचारलं, "कुठल्या मागावरचं आहे हे?"

"शेवटच्या," मास्तर म्हणाले.