सीटखालचं लूज आर्टिकल

पहिल्या उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी आमचं विमान मुलुंडच्या मिठागरांशेजारी टेम्पोतून उतरलं. पंख वेगळे, धड वेगळं. स्क्वाड्रन लीडर घाडी आणि मी, दोघांनी ते गोरेगावच्या एका शेडमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. ते हवाई दलातले पायलट, मी त्यांचा एअरफ्रेम फिटर, सार्जंट. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघेही निवृत्त झालो. पण मी त्यांना सर म्हणायचो, ते मला सार्जंट. जित्याची खोड.

सकाळी वारा पूर्ण पडला होता. पायलटला अशी हवा आवडते. फिटरचा जीव मात्र सगळं ठीक दिसलं की टांगणीला लागतो. मी प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला. सर हसले.

सिव्हिलियन वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. कॉकपिटमध्ये राहिलेल्या सुट्या वस्तूला आम्ही लूज आर्टिकल म्हणतो. स्क्रू, पेन्सिल, काहीही. ती घरंगळत जाऊन कंट्रोलमध्ये अडकली की खेळ खल्लास. या बाबतीत सर जमदग्नी होते. एका ट्रेनीच्या खिशातून पेन पडलं म्हणून त्यांनी त्याला विमानातून खाली उतरवलं होतं. आमच्या विमानाला तर तळाला फळ्याही नव्हत्या. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या स्टिकपासून शेपटीकडे जाणारा रॉड सीटखालून उघडाच जायचा.

सरांच्या आई घाटकोपरहून पूजेला आल्या होत्या. मूळच्या मालवणच्या. त्यांनी विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि नव्या गाडीत ठेवतात तसं अर्धं भकल लेकाच्या हातात दिलं.

"झिला, ह्यां बरोबर ने. देवाचां आसा."

सरांनी ते सीटखाली सरकवलं. मी जवळ गेलो.

"सर, लूज आर्टिकल."

"आई बघतेय, सार्जंट."

"माझ्याकडे द्या. उतरल्यावर परत देतो."

"एकच फेरी आहे रे. राहू दे. ऑर्डर समज."

"यस सर."

मी वॉकीटॉकी घेऊन बांधावर उभा राहिलो. शेजारी आई, हात जोडून. विमान धावलं आणि अलगद उचललं गेलं.

"एअरबोर्न," सर म्हणाले. आवाजात पोरासारखा आनंद होता.

नाक वर गेलं आणि वरच राहिलं.

"सर, नाक खाली घ्या."

"स्टिक जॅम."

"थ्रॉटल कमी करा."

"समोर माणसं आहेत. खाडीकडे घेतो."

समोरच्या मिठागरात बाया मीठ ओढत होत्या. काही जणी मान वर करून बघत होत्या, पळत कुणीच नव्हतं. स्टिक गेली तरी पायाखालचं रडर चालत होतं. त्यावर सरांनी विमान हळूहळू उजवीकडे वळवलं. वेग मरत चालला होता. मला ते दिसत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं.

"सार्जंट, आईला पाठमोरी कर."

मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. आवाज मात्र त्यांनी ऐकलाच.

विमान तिवरांच्या चिखलात पडलं होतं. सर सीटवरच होते, गेलेले. नारळाचं भकल रॉड आणि फ्रेमच्या मध्ये पाचरीसारखं बसलं होतं. मी चिखलात बसून ओक्साबोक्शी रडलो. चौकशी झाली तेव्हा जे पाहिलं ते सगळं लिहून दिलं.

तेराव्याला मिठागरातल्या त्या बायाही आल्या होत्या. जेवणं झाल्यावर आईंनी मला आत बोलावलं.

"सारजंटा, माझो झील घाबारलो काय रे?"

"नाही, आई. त्यांनी आधी त्या बायांना वाचवलं. मग तुमची काळजी केली."

"मगे बिघाडलां काय?"

सर्व्हिसमध्ये मी कधी खोटा रिपोर्ट दिला नव्हता.

"इंजिन."

"पूजेत काय चुकलां नाय मा?"

"नाही, आई," मी म्हणालो. "पूजा अगदी यथासांग झाली होती."

हे सांगताना मी सावधान उभा होतो.