शनिवार, दुपारी अडीच

लुबर्ट डीकमन अठ्ठावन्न वर्षांचा झाला, तरी त्याच्या बापानं, म्हाताऱ्या हिल्बर्टनं, त्याला मोठ्या माणसांच्या मैदानात एकदाही बघितलं नव्हतं. भांडण नव्हतं. दर आठवड्याला बापलेक एका टेबलाशी कॉफी पीत. आडवा आला होता तो रविवार.

त्यांचं गाव ब्रूकरहार, कडक प्रोटेस्टंटांचं. रविवारी दोनदा चर्च, आणि मधल्या वेळात गाईंच्या सडांखेरीज कशाला हात लावायचा नाही. दोरीवर धुणं दिसलं तरी पाद्री चौकशीला यायचा. फुटबॉल शनिवारी. लुबर्ट एकोणीस वर्षांचा होईस्तोवर गावच्या पोरांच्या संघात लेफ्ट बॅक खेळला आणि हिल्बर्ट गोठ्यातले लाकडी बूट तसेच घालून कडेला उभा राहायचा. मग एक दिवस शहरातल्या मोठ्या क्लबाचा माणूस अंगणात आला. त्यांचे सामने रविवारचे. हिल्बर्ट तेव्हा चर्चच्या पंचांत बसायचा, पण त्यानं पोराला अडवलं नाही. धार काढता काढता म्हणाला, "पाय तुझं हायती, तूच ठरीव. मी काय तिकडं येनार न्हाई."

"आबा, बुधवारी पन सामनं असत्यात."

"जितं रविवारी पाय ठिवायचा न्हाई, तितं बुधवारी तरी कशाला ठिवायचा?"

झालं. लुबर्ट अकरा वर्षं खेळला. नाव झालं नाही, बदनामीही नाही. उजवा गुडघा दोनदा उसवून शिवला. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, आता ढोरांच्या डॉक्टरला दाखवा. मग त्यानं कोचची परीक्षा दिली, दोन शहरांत काम केलं, दोन्हीकडून त्याला काढलं. एकीकडं तर ऐन नाताळच्या तोंडावर, हातात फुलांचा गुच्छ देऊन. शेवटी लुमेलच्या गावठी संघाला येऊन चिकटला, आणि तिथं आठ वर्षं टिकला. लुमेल म्हणजे ब्रूकरहारपासून सायकलनं पंचवीस मिनिटं, पण कॅथलिक. सकाळी चर्च, दुपारी फुटबॉल, मग बिअर, असा तिथला रविवार. म्हणजे बापाचं येणं पुन्हा बंदच.

त्या मार्चात लुबर्टनं क्लबाला सांगून टाकलं, येता हंगाम माझा शेवटचा. आणि त्याच महिन्यात पोरांनी ठराव आणला, की येत्या हंगामापासून आपण शनिवारी खेळायचं.

कॅन्टीनमध्ये सभा भरली. चाळीस वर्षं मैदानावर पांढरे पट्टे मारणारा बेनी पहिल्यांदा उठला.

"शनिवार कशाला रं? देव आठीवला का काय?"

"देव न्हाई, बेनीकाका, डोस्कं," कप्तान स्टाइन म्हणाला. "शनिवारी रात्री ढोसल्याली रविवारी दुपारपातूर उतरत न्हाई."

"मग शनिवारी खेळून शुक्रवारी ढोसशीला, मेल्यानू," गल्ल्यामागून रीकी म्हणाली. सगळं कॅन्टीन हसलं.

लुबर्टनं हात वर केला. "मला भाईर जाऊ द्या. ह्यात माझा मतलब हाय."

"मतलब कुनाचा न्हाई?" अध्यक्ष टोन म्हणाला. "बस की गप."

"माझा बापापायी हाय."

ते लुमेलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. टोननं मान हलवली. लुबर्ट बाहेर गेला आणि काही काम नको का, म्हणून गोलाची जाळी सोडून पुन्हा बांधत बसला. पाऊण तासानं बेनी आला.

"दोन मतांनी," बेनी म्हणाला.

"कुनीकडं?"

बेनी थुंकला. "आता चुना मला शुक्रवारी मारावा लागंल. शुक्रवारी मी गळ टाकून बसतो तळ्यावर. मेला माझा शुक्रवार."

दुसऱ्या दिवशी लुबर्टनं बापाला सगळं सांगितलं, दारूच्या कारणासकट. खोटं सांगून बापाला आणायचं नव्हतं.

"ढोसल्याली उतरावी म्हून वार बदलला?" हिल्बर्टनं विचारलं.

"व्हय, आबा. येनार का?"

हिल्बर्टनं बिस्कीट कॉफीत बुडवलं, ते मऊ होईपर्यंत धरून ठेवलं. "कारन त्यांचं," तो म्हणाला. "वार आपला."

सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी चौऱ्याऐंशी वर्षांचा हिल्बर्ट सायकलवरून आला. घडीचं स्टूल डाव्या कोपऱ्यावर मांडलं, प्रवचनाला घालतो तशी पेपरमिंटची गोळी तोंडात घातली, आणि बसला. लुबर्टनं हात केला नाही, नुसतं बघितलं. खरं तर जास्तच बघितलं. बदली खेळाडू दोनदा हाक मारून गेला तेव्हा कुठं त्याचं लक्ष गेलं. संघ एका गोलानं पुढं होता. बरोबर चार वाजता हिल्बर्ट उठला, स्टूल मिटवलं आणि सायकलवर टांग टाकून निघाला.

सामना सुटल्यावर स्टाइन म्हणाला, "कोच, आबास्नी आवाडलं न्हाई वाटतं."

"धारा असत्यात," लुबर्ट म्हणाला. धारा आता नातू काढायचा, तोही यंत्रानं. पण साडेचारला हिल्बर्टला गोठ्यात असावंच लागे.

रविवारी चर्चनंतर लुबर्ट आणि त्याची बायको आल्ट्ये कॉफीला गेले. हिल्बर्ट प्रवचनावर बोलला, बटाट्याच्या रोगावर बोलला. आल्ट्येनं टेबलाखालून नवऱ्याला लाथ घातली, पण लुबर्टनं तोंड उघडलं नाही. शब्बाथाच्या दिवशी त्या घरात फुटबॉलचा शब्द निघत नव्हता, हे त्याला एकोणीस वर्षं तिथं जेवून माहीत होतं.

सोमवारी सकाळी तो गोठ्यात जाऊन उभा राहिला. हिल्बर्ट फावड्यानं वैरण गाईंच्या तोंडाशी लोटत होता.

"तुजा लेफ्ट बॅक लई भाईर उभारतोय," तो मान वर न करता म्हणाला. "आत सगळं मोकळं रान."

"व्हय."

"तूबी तसाच उभारायचास. मला वाटलं, शहरात तुजी खोड मोडली आसंल."

"न्हाई मोडली, आबा. अकरा वर्षं तसाच उभारलो."

"मग गोल खाल्लं आसशील."

"लई खाल्लं."

हिल्बर्टनं मान डोलावली. एका गाईची मुंडी फावड्याच्या दांड्यानं बाजूला केली. "फुडचा कवा हाय तितं?"

"दोन आठवड्यांनी. अडीचला."

"अडीच म्हंजी उशीर हुतोय."

लुबर्टनं गोठ्यातूनच टोनला फोन लावला. आपल्या मैदानावरचे सामने दोनला सुरू करायचे, म्हणाला.

"का?"

"धारा."

टोनही शेतकऱ्याच्याच पोटचा. त्यानं पुढं विचारलं नाही.

पुढचा सामना दोनला सुरू झाला. लेफ्ट बॅक दोन पावलं आत उभा होता. शेवटची दहा मिनिटं उरली असताना हिल्बर्ट तरीही उठला.

"आता काय झालं?" लुबर्ट कडेवरून ओरडला.

"गर्दी व्हायच्या आत निगतो," हिल्बर्ट म्हणाला आणि त्यानं स्टूल मिटवलं.

त्या दिवशी मैदानाभोवती त्रेचाळीस माणसं होती, रीकीचं कुत्रं धरून.