ज्यांच्या घरी लाइट जात नाही

माझ्या व्याह्यांच्या हातून माझ्या लेकीचं किंवा नातीचं काहीतरी बरंवाईट होणार, ही भीती माझ्या मनातून जात नाही. दिवसा कामाच्या धबडग्यात ती जरा मागे सरते. अंथरुणाला पाठ टेकली की उरावर येऊन बसते. म्हणून उठून लिहायला बसले आहे.

व्याही माणूस म्हणून वाईट नाहीत, असं सगळे सांगतात. व्यसन नाही, सुनेला कधी टाकून बोलणं नाही, नातीला दिवसभर खांद्यावर मिरवतात. सगळं खरं. पण ज्या घरात साप शिरलाय त्या घराचा मालक गोड बोलतो की कडू, याच्याशी मला काय करायचंय?

ते वीज कंपनीतले निवृत्त लाइनमन. गल्लीत त्यांना 'खांबवाले' म्हणतात आणि ते त्यांना आवडतं. अजूनही रस्त्याने चालताना त्यांची मान वर असते. कुठल्या खांबावर तारा सैल पडल्यात, कुठे झाडाची फांदी टेकलीय, हे बघत चालतात आणि पायाखालच्या खड्ड्यात अडखळतात. लग्न ठरवताना आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला आधी मीटर दाखवला, मग मुलगा.

त्यांची कहाणी मला तोंडपाठ आहे, कारण प्रत्येक भेटीत ती ऐकावीच लागते. कंपनीत लागले तेव्हा त्यांचं काम दुसऱ्याची शिडी धरण्याचं. मग स्वतः चढू लागले. वादळात चढले, पुरात चढले, तापाने अंग फणफणत असताना चढले. डाव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली, ती तेव्हापासून सरळ होत नाहीत. त्यांचा एक जोडीदार मोठ्या लाइनवर चिकटून गेला. त्याला दोर बांधून खाली उतरवणारे हेच. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो आणि त्या वेळी मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटतं. पण पुढचं वाक्य लगेच येतं: "खांबावरची वीज म्हणजे वाघीण, विहीणबाई. घरातली म्हणजे मांजर. मांजरीला कोण घाबरतं?"

एवढ्या मोठ्या अनुभवातून माणसाने एवढाच धडा घ्यावा. धन्य.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एकदा कुठल्याशा बड्या माणसाच्या बंगल्यावर समारंभ चालू असताना लाइट गेली. हे दुरुस्तीला पोचले, तर तिथल्या लोकांनी यांना ट्रान्सफॉर्मरशेजारच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. लाइट आली की दार उघडू, म्हणाले. यांनी दातात बॅटरी धरून काम केलं. लाइट आली, दार उघडलं, आणि आभार मानायचे राहिले बाजूला, एक जण म्हणाला, "बघा, आता कशी आली. मुद्दाम घालवली होती." तिथून घरी आले, तर यांच्याच घरात अंधार. त्यांची बायको, म्हणजे माझ्या विहीणबाई, दारात उभ्या. म्हणाल्या, "जगाला उजेड वाटता, घरी मेणबत्ती तरी आणा."

त्या दिवशी त्यांनी ठरवलं की आपल्या घरातली लाइट जाता कामा नये. आणि ती जात नाही. जाणार कशी? लाइट घालवणारी जी जी वस्तू घरात होती, ती त्यांनी एकेक करून काढून टाकली आहे. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाडजूड तार भरली. आता वायर जळेल, भिंत तापेल, पण फ्यूज हूं की चूं करणार नाही. आयुष्यभर लाइट गेली की यांना शिव्या पडल्या. त्यामुळे घरातला स्विच आपोआप खाली पडला, की यांना तो सावधगिरीचा इशारा वाटतच नाही, शिवी दिल्यासारखं वाटतं.

मागच्या महिन्यात मी लेकीकडे राहायला गेले. सकाळी धुण्याच्या मशीनमध्ये कपडे टाकायला अनवाणी गेले. न्हाणीघराच्या दाराशी ते मशीन आहे, फरशी कायम ओली. झाकणाला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी ओरडले. लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं आई, चप्पल घालून जा ना."

जणू फरशी गार आहे म्हणून सांगावं, तशा आवाजात.

मग मी खाली पाहिलं. मशीनशेजारी रबरी चपलांची ओळ होती. सासऱ्यांची, सासूची, जावयाची, लेकीची. आणि शेवटी नातीची, फुलं काढलेली, माझ्या तळहातात मावेल एवढी. ज्या घरात लोक मशीन दुरुस्त करायचं सोडून दोन वर्षांच्या पोरीला तिच्या मापाच्या चपला आणतात, त्या घरात मी मुलगी दिली आहे. विहीणबाई माझा चेहरा बघून हसल्या. म्हणाल्या, सवय होते हो. नवऱ्याची झाली, करंटची नाही होणार?

चहाच्या वेळी मी व्याह्यांकडे विषय काढला. जावई समोर होता, म्हटलं तो साथ देईल. "भाऊ, मशीनला करंट येतो," मी म्हणाले.

"येणारच. करंटवरच चालतं ते."

"अंगाला येतो म्हणतेय मी. वरच्या पत्र्याला."

त्यांनी कप खाली ठेवला, चपला काढल्या, मशीनजवळ गेले आणि झाकणावर सगळा पंजा टेकवून माझ्याकडे बघत उभे राहिले. "बघा. मेलो का?"

त्यांचे हात दोर आणि पकड वापरून वापरून झाडाच्या सालीसारखे झाले आहेत. त्या हातांना विस्तव लावला तरी आत खबर जायला वेळ लागेल. मी तेच म्हणाले, की तुमचा हात कोरडा आणि निबर, पोरीचा हात ओला आणि लोण्यासारखा, तुमच्यावरून तिचं कसं ठरवता?

"विहीणबाई, तुम्ही कॉलेजात काय शिकलात?"

"इतिहास."

"मग झालेलं तुम्ही सांगा. होणारं माझ्यावर सोडा."

सगळे हसले. माझी लेकसुद्धा हसली, हे मला त्या झिणझिण्यांपेक्षा जास्त लागलं. जावई चहात बघत राहिला. चारचौघांत चांगला बोलतो पोरगा, पण बापासमोर त्याचाच फ्यूज उडतो.

हसणं थांबल्यावर व्याह्यांनी फळीवरून एक डबी काढून माझ्यासमोर ठेवली. पांढरी, वर छोटं बटण असलेली. नात झाली तेव्हा जावयाने ती मेन स्विचशेजारी बसवून घेतली होती. करंट कुठे गळायला लागला, कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागला, की क्षणात लाइन तोडणारा हा ब्रेकर. मशीन सुरू केलं की तो पडायचा. व्याही त्याला 'तुमच्या जावयाचा चोर' म्हणत होते. मशीन लावलं की घर अंधारात, गल्लीतली माणसं खिडकीतून विचारतात, काय हो खांबवाले, तुमच्याकडेही गेली का? एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, मग चोर काढला आणि वायर थेट जोडून टाकली. बंद झाली कटकट.

तो ब्रेकर बिघडला नव्हता. मशीन गळत होतं आणि तो बिचारा ओरडून सांगत होता. यांनी ओरडणाऱ्याचाच गळा दाबला, आणि त्या कर्तृत्वाची वस्तू पाहुण्यांना दाखवायला फळीवर ठेवली.

घरी परतल्यावर मी आमच्या इमारतीतल्या इलेक्ट्रिशियनला विचारलं. म्हटलं, मी घाबरट आहे हे मला माहीत आहे. लेक शाळेच्या सहलीला गेली तरी माझा जीव टांगणीला असायचा. तेव्हा माझ्या घाबरटपणातून किती वजा करायचं ते तू सांग. त्याने सगळं ऐकून घेतलं. फ्यूज घराच्या वायरी वाचवतो आणि तो ब्रेकर माणूस वाचवतो, म्हणाला. त्या न्हाणीघराच्या लाइनला अर्थिंगच नसणार, नाहीतर पत्र्याला करंट राहिला नसता. मी विचारलं, तू जाऊन बघशील? तो कानाला हात लावून म्हणाला, "त्यांच्या घरी? मला शिडीसकट हाकलतील."

मी लेकीला फोन केला. ती आधी ऐकत होती, मग चिडली. म्हणाली, ते रोज माझ्या पोरीला भरवतात, निजवतात, आणि तू त्यांना खुनी ठरवतेस. तू चार दिवस येतेस आणि जातेस, मला इथे राहायचंय. आमच्याकडे कुणाला काही झालेलं नाही, ती म्हणाली. मी म्हणाले, ज्याला होतं तो सांगायला उरत नाही. तिने फोन ठेवला. पुढे आठवडाभर आम्ही बोललो ते जेवलीस का, झोपलीस का, एवढंच.

मग मी वीज कंपनीच्या कचेरीत फोन लावला. नाव न सांगता. पत्ता दिला तर पलीकडचा माणूस हसला. म्हणाला, बाई, त्या घराची तक्रार? आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली चढायला शिकलो. बरं, तुमचं नाव सांगा, त्या घराशी संबंध काय तो सांगा, नावाशिवाय तक्रार घेता येत नाही. मी बघते, सांगते, असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. विहिणीने व्याह्याविरुद्ध तक्रार केली, हे गल्लीत फिरायला किती वेळ लागतो? आणि ते फिरलं की ऐकून कुणाला घ्यावं लागेल? मला नाही. माझ्या लेकीला.

आज संध्याकाळी लेकीचाच फोन आला, बऱ्याच दिवसांनी मोकळ्या आवाजात. सासऱ्यांनी नातीसाठी गीझर आणलाय म्हणाली. पोर गार पाण्याने कुडकुडते ना. दुकानाचा माणूस बसवायला आला होता. त्याने टेस्टर लावून पाहिलं, भिंतीतली वायर पाहिली आणि म्हणाला, इथे अर्थिंग नाही, ब्रेकर नाही, मी बसवणार नाही. सासऱ्यांनी त्याला विचारलं, तुझा जन्म झाला होता का रे मी खांबावर चढलो तेव्हा? बिचारा सामान आवरून निघून गेला. ही गोष्ट लेक मला गंमत म्हणून सांगत होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, ते स्वतः बसवतायत सकाळी. मशीनच्याच पॉइंटवरून लाइन घेणार. पहिली आंघोळ नातीची, म्हणतात. तिला सांगून ठेवलंय, उड्या मारतेय नुसती."

मी म्हणाले, तिला त्या पाण्याखाली उभी करू नकोस. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मी त्यांना नाही म्हणू शकत नाही. तू तरी समजून घे." आणि पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला, विहीणबाईंना नमस्कार सांग म्हणून.

त्या एका वाक्यात मला कळलं की माझ्या लेकीलाही भीती वाटते. फक्त करंटची कमी आणि घरातल्या माणसांची जास्त.

मी जावयाला फोन लावला. तो म्हणाला, सकाळी बोलून बघतो बाबांशी. बोलून बघतो! बोलेल तोवर पोर बादलीत बसलेली असेल.

व्याह्यांना फोन करून हात जोडावेत, हाही विचार केला. हात जोडायला माझी हरकत नाही. पण त्यांना हात जोडलेले आवडतात आणि त्यानंतर ते जे करायचं तेच करतात.

तेव्हा राहिला कंपनीचा तक्रारीचा नंबर. तो रात्रभर चालू असतो. धोका आहे असं रीतसर सांगितलं की त्यांना माणूस पाठवावा लागतो, आणि गुरूचं घर असलं तरी तक्रार नोंदल्यावर हसून भागत नाही. खांबावरून लाइन कापतील. यांच्याच हाताखाली शिकलेला कुणीतरी यांच्याच दारातल्या खांबावर चढेल आणि गल्ली खिडक्यांतून बघेल. खांबवाल्याच्या घरी अंधार. व्याही मला जन्मात माफ करणार नाहीत. त्यांनी करूही नये. मी त्यांना केलेलं नाही. लेक अबोला धरेल. कदाचित नातीलाही भेटू देणार नाहीत. न भेटू देत. ती माझ्याशिवाय मोठी झालेली चालेल मला.

नाव विचारतील तेव्हा पूर्ण नाव सांगणार आहे. संबंध काय म्हणून विचारतील, तर सांगेन, मुलीची आई. सकाळ व्हायच्या आत माणूस पाठवा म्हणेन, आणि पाठवतो असं म्हणेपर्यंत फोन ठेवणार नाही.

नंबर समोर आहे. लावते आहे.