जाळीकाकांचं प्रूफ

जाळीकाका आधी रागवायचे आणि मग "काय गो, बरी आहेस ना?" असं विचारायचे. प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या आत त्यांचा आवाज यायचा. पंखा कोणी बंद केला? शाईच्या डबीचं झाकण कोणी उघडं टाकलं? तीन वर्षं मी तो राग ऐकला. काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली, आणि लिहायला बसले तर माझाच राग उफाळून येतोय. त्यांचा पाच मिनिटांत उतरायचा. माझा उतरत नाही, आणि उतरू नये असंच मला वाटतं.

चिंचपोकळीला त्यांचा स्क्रीन प्रिंटिंगचा गाळा होता. चौकटीवर जाळी ताणायची, तिच्यावर शाई ओतून रबराच्या पट्टीनं ओढायची. काळाचौकीच्या मंडळांचे टी-शर्ट आणि अर्ध्या लालबागच्या लग्नपत्रिका त्यांच्या हातून गेल्या. डिजिटल छपाई आली आणि गाळा बंद पडला. मग ते माटुंग्याला आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले. कागदोपत्री 'मदतनीस', आमच्यासाठी जाळीकाका.

आम्ही वाकणारे सोलर सेल बनवत होतो. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर चांदीच्या शाईनं बारीक रेषा छापायच्या. ही शाई तापवल्याशिवाय तिच्यातून वीज नीट वाहत नाही, आणि भट्टीत घालावं तर फिल्मच आक्रसते. म्हणून प्रखर दिव्याचा एक झोत द्यायचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारा. तेवढ्यात शाई तापून तिचे कण जुळतात आणि खालचं प्लॅस्टिक शाबूत राहतं. पुस्तकात राहतं. आमच्याकडे रेषांना फोड येऊन त्या उडून जात होत्या. वर्ष गेलं, माझी पीएच.डी. तिथंच अडकली, आणि आमचे सर केबिनमधून सांगत राहिले, "पॉवर वाढवून बघा."

एक दिवस काकांनी माझ्या हातातली छापलेल्या फिल्मची पट्टी हिसकावली आणि नाकाशी धरली. "वरून सुकलीय, आतून ओली हा. ओलो पापड निखाऱ्यार टाकतंस आणि फुटलो म्हणून रडतंस?" त्यांनी दोरी बांधली, पट्ट्या चिमट्यांनी टांगल्या आणि वास पुरता जाईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मग आधी हलके झोत, शेवटी जोराचा. काळे चष्मे घातलेले असूनही दर झोताआधी "डोळे मिटा!" म्हणून ओरडत होते. ती पट्टी मी पेनाला गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. एकही रेष तुटली नाही. मी रडले, म्हणून त्यांनी मला झापलं.

त्यांचा एक गाळ्यातला नियम होता, तो प्रयोगशाळेतही चालायचा. छपाईची पहिली प्रत समोर ठेवायची, पेन्सिल द्यायची आणि म्हणायचं, "वाच. मगे सही कर." नुसत्या रेषा, वाचायचं काय? पण सही केल्याशिवाय ते पुढची पट्टी छापत नसत. एका माणसानं न वाचता सही केली आणि लग्नपत्रिकेवर नवरीच्या जागी तिच्या थोरल्या बहिणीचं नाव छापलं गेलं, ही गोष्ट त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल. माणूस भांडायला आला तेव्हा काकांनी त्याला त्याचीच सही दाखवली. "प्रूफावर सही झाली की चूक छापणाऱ्याची नाय."

शोधनिबंधात काकांचं नाव हवं, हे मी सरांना स्पष्ट सांगितलं होतं. "हो गं, घालू," म्हणाले. शेवटचा मसुदा आला, सोबत संमतीचा फॉर्म. मी आकृत्या तपासल्या, आकडे तपासले, फॉर्मवर सही केली. पहिलं पान पाहिलंच नाही.

छापून आलं तेव्हा पाच नावं होती. त्यातले एक गृहस्थ आमच्याकडे एकदा चहा प्यायला आले होते. काकांचं नाव नव्हतं, शेवटच्या आभारातसुद्धा नव्हतं. सुकवण्याची आणि टप्प्याटप्प्यानं झोत देण्याची पद्धत 'आम्ही विकसित केली' असं छापलं होतं. मी केबिनमध्ये गेले. सर हसले. "अगं, हातानं काम करणाऱ्यांची नावं घालायची तर उद्या शिपायाचंही घालावं लागेल." तळपायाची आग मस्तकात गेली. हे म्हणणाऱ्या माणसाचे हात कधी शाईला लागले नव्हते! पण माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर पडला होता, आणि मी दार लोटून गपचूप बाहेर आले. त्यांच्या निर्लज्जपणाइतकीच माझ्या त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

पुढच्या महिन्यात काकांचं कंत्राट संपलं. मी निबंधाची प्रत घेऊन लालबागला त्यांच्या खोलीवर गेले. सवयीनं त्यांनी आधी कागदाचा वास घेतला. मग नावांखालून बोट फिरवलं, एकदा, दोनदा.

"छापायच्या आधी प्रूफ दाखवलेला तुका?"

"हो, काका."

"सही केलंस?"

"हो."

"वाचून?"

त्यांनी रागवावं, प्रत तोंडावर फेकावी, म्हणून मी वाट पाहत उभी राहिले. त्यांनी ती नीट घडी करून माझ्या हातात दिली.

"मगे चूक छापणाऱ्याची नाय गो," ते म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.