मिझुए ओची गोलात उभी राहते

मिझुए ओची माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. जपानमधल्या इमाबारी गावात एकाच टॉवेल गिरणीत आम्ही कामाला. ती मागावर, मी शिलाईत. गिरणीच्या मुलींचा फुटबॉल संघ होता, त्यात ती गोलरक्षक आणि मी तिच्यापुढे बचावाला.

तिची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर. पहिल्याच दिवशी आमचे प्रशिक्षक तोकुनागा सर तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "गोलात? तू? वरच्या दांडीला हात तरी लागतो का?"

"नाही लागत. पण सर, गोल उंचीपेक्षा रुंदीला तिप्पट असतो. रुंदी मी सांभाळते, उंचीचं बघू."

सर हसले. तीन महिन्यांनी त्यांनी तिला गोलात घेतलं, कारण तिच्याइतके चेंडू दुसरी कुणी अडवतच नव्हती. पुढची खेळाडू फटका मारायच्या आतच ही तिच्या पायांशी झेपावलेली असायची. त्यात दोनदा नाक मोडलं. नवीन वर्षाला घरी गेली तेव्हा आई कळवळली, "असलं नाक घेऊन तुला कोण करून घेणार गं?" हिने वाटी पुढे केली. "नाक माझं आहे ना? तू तांदळाची मोची वाढ."

मग टॉवेलचे वाईट दिवस आले. अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात आम्हाला कॅन्टीनमध्ये बोलावलं. साहेबांनी संघ बंद केल्याचं सांगितलं आणि वर म्हणाले, "तशीही तुमची सगळ्यांची लग्नाची वयं झालीत. झालं ते बरंच झालं म्हणा."

आम्ही माना खाली घातल्या. मिझुएताई उभी राहिली.

"गिरणी तुमची आहे साहेब, संघ बंद करा. जर्सी परत घ्या. पण आमच्या लग्नांची काळजी तुमच्या खात्यात येत नाही."

तोकुनागा सरांनी तिची बाही ओढली. "ओची, बस खाली!"

"आठ वर्षं उभी आहे सर. आता कशाला बसू?"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन तिने नदीकाठचं मैदान रविवारपुरतं मागून घेतलं. आम्ही नऊजणी टिकलो, दोघी-तिघी नव्या मिळाल्या, साध्या पांढऱ्या बनियनवर आकडे इस्त्रीने चिकटवले. सर मात्र मात्सुयामाच्या एका कॉलेजच्या मुलींना शिकवायला निघून गेले.

चार वर्षांनी प्रांताच्या चषकात त्याच कॉलेजशी गाठ पडली. मिझुएताई छत्तीसची होती.

"अजून खेळतेस?" सर म्हणाले. "हात दुखत नाहीत?"

"दुखतात की. तुमच्या पोरींना सांगा, जोरात मारा. आधीचं दुखणं तरी विसरेन."

पोरींनी खरंच जोरात मारलं. पूर्वार्धातच तिचं बोट वाकडं झालं. तिने ते शेजारच्या बोटाला पट्टीने बांधलं. मी म्हटलं, "ताई, बास आता. राखीव युकोला गोलात उतरव."

"तू तुझी नऊ नंबर सांभाळ, साए. तीनदा तुझ्या पाठीमागून गेलीय ती."

खरं होतं. मी माझ्या जागेवर परतले.

शेवटच्या दोन मिनिटांत एक चेंडू तिच्या बोटांवरून, वरच्या दांडीला घासून आत गेला. एक-शून्य. मी रडत होते. सर आले आणि हळूच म्हणाले, "शेवटी उंचीच कमी पडली, ओची."

"एकदाच पडली. खालून सतरा मारले तुमच्या पोरींनी, सगळे अडवले. मोजलेत?"

"मोजले," सर म्हणाले. जरा घुटमळले. "आमच्या गोलरक्षकाला शिकवशील?"

"सोमवारी येईन. रविवारी मी खेळते."

बोट पुन्हा सरळ झालं नाही. पण सोमवार चुकला नाही आणि रविवारही. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजला आम्ही दोन-एक हरवलं. तिनेच तयार केलेली त्यांची गोलरक्षक पोर गोलाच्या खांबाला टेकून हुंदके देत होती. मिझुएताई मैदान ओलांडून गेली आणि तिच्या शेजारी मातीत बसली.

"रडून घे आधी. मग दुसरा गोल कसा अडवायचा होता ते दाखवते."