कोंबड्याच्या पिसाचे गळ

जबलपूरला बसून समुद्रातल्या माशांसाठी गळ बांधणारा माणूस मूर्खच म्हणायचा. तो मूर्ख मी.

एकाहत्तरची लढाई तोंडावर आली होती. मी संरक्षण कारखान्यात लेथवर होतो. काय बनवतो ते बाहेर सांगायची मनाई, पण कोकणातल्या आमच्या गावानं परस्पर ठरवूनच टाकलं होतं की मी तोफा करतो. बारा-बारा तासांची ड्यूटी, सुट्ट्या बंद. अशात वडिलांचं कार्ड आलं, पोस्टमास्तरांच्या अक्षरात. ‘पिसाचे बारा गळ बांधून पाठव. मला आता बारीक दिसत नाही.’

आमच्याकडे खडकावरून मासे धरताना दोरीच्या टोकाला शिसं बांधतात आणि त्याच्या वर दोन गळ. गळाला कोलंबीचा तुकडा, आणि त्याच्या डोक्याशी कोंबड्याचं पीस नि चकाकती तार. पीस हललं की मासा धावत येतो आणि कोलंबीला तोंड मारतो. आई गेल्यापासून वडील एकटेच राहायचे. रोजचा मासा स्वतः आणायचे, शेजाऱ्यांचा तुकडासुद्धा घ्यायचे नाहीत. ती त्यांची ऐट होती. ती टिकवायची तर गळ हवे होते, आणि पोरगा आठशे मैलांवर.

जवळच्या कांचघर वस्तीतल्या कोंबडीवाल्याकडून पिसं आणली. गळ इथल्याच बाजारातले, नर्मदेत मासे धरणारे घेतात ते. तार घरच्या जळालेल्या पंख्यातली, तांब्याची, झकास चमकणारी. घरी बसलो की बायको ओरडायची, "अहो, पिसं उडून राहिली वरणात!" म्हणून सामान डब्याच्या पिशवीत घालून कारखान्यात नेलं, जेवणाच्या सुट्टीत बांधीन म्हणून. लढाईच्या दिवसांत! गेटवर झडती झाली.

"ये क्या है भैया?"

"मछली का काँटा. समंदर की मछली का."

"यहाँ समंदर कहाँ है?"

दोन तास बसवून ठेवलं. शेवटी साहेब आले, पिसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून मला सोडलं. अर्ध्या दिवसाची रजा मांडली ती मांडलीच.

तरी बारा गळ झाले. बादलीत सोडून पाहिले, पीस मस्त हललं. पार्सल केलं. महिन्याभरात कार्ड आलं. ‘गळ उत्तम. मासे भरपूर. काळजी नको.’ माझी छाती फुगली. सेक्शनमध्ये सगळ्यांना कार्ड दाखवलं. लगेच दुसरे बारा बांधले, अगदी तसेच. त्यावरही तसंच कार्ड.

लढाई संपली आणि फेब्रुवारीत एकदाची रजा मिळाली. घरी पोचलो तर वडील निम्मे झालेले. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला अडकवल्यागत लोंबणारा. कोनाड्यात एक डबा दिसला. उघडला. माझे गळ. सगळे काळे-तांबडे पडलेले, निम्मे वाकणात तुटलेले, पिसं गंजात माखून त्यांच्या काड्या झालेल्या.

माझं डोकंच फिरलं. लोखंडावर तांबं गुंडाळायचं आणि खाऱ्या पाण्यात सोडायचं? दुसरं काय होणार! गंज कसा धरतो ते मला कुणी शिकवायला हवं होतं? कारखान्यात एकेका नगाला तेल चोपडताना जन्म गेला माझा. आणि तपासलं कशात, तर बादलीभर गोड्या पाण्यात! शेण खाल्लं मी, आणि तेही दोनदा.

"हे कधी झालं?"

"तिसऱ्या दिसा पयली मोडली," वडील म्हणाले.

"मग काहून नाही लिहिलं?" मी ओरडलोच. "म्हणे मासे भरपूर! मी तिकडे कार्ड नाचवत फिरून राहिलो होतो!"

"कार्ड पोस्टमास्तर लिवता. मगे सगळो गाव वाचता." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "लढाई चालू. झिलाची गरी तीन दिसात मोडता, मगे तेची तोफ काय उडतली, असा म्हणतले."

गरी म्हणजे गळ, झील म्हणजे मुलगा. म्हणजे मी. मला आणखीच संताप आला.

"अहो, पण शेजारी? ते तरी देत असतील ना मासे?"

"देयत होते. तेंका सांगलंय, माझ्या झिलाची गरी आसा, माका मासे रग्गड मिळतत."

"अन् रोज संध्याकाळी?"

"जाय होतंय खडकार. दोरी घेवन. लोक बघतत."

"चार महिने! मग खाल्लं काय तुम्ही?"

"पेज," ते म्हणाले. "नि मीठ."